तोळा की ग्रॅम? लग्नाच्या सोन्याचा हिशेब

मुलीच्या लग्नाची यादी कशात करावी, तोळ्यात की ग्रॅममध्ये, असं मावसबहिणीने विचारलं. सासरकडची बोलणी तोळ्यात झालीत, सराफ भाव ग्रॅमचा सांगतो.

आधी वजन बघू. ग्रॅम कुठेही ग्रॅमच. तोळा मात्र दोन आहेत. जुना, म्हणजे १२ मासे किंवा ९६ गुंजांचा, ११.६६ ग्रॅम भरतो. आज पेढीवर तोळा म्हटलं की सरळ १० ग्रॅम. आजीच्या जुन्या चिठ्ठीत 'पाटल्या ४ तोळे' असेल तर काट्यावर साधारण ४६.६ ग्रॅम दिसायला हवेत. ४० धरून वाटणी केली तर साडेसहा ग्रॅमचा घोळ, आणि त्यावरून भाऊबंदकी! (दुबईत १० तोळ्यांची बिस्किटं आजही जुन्याच तोळ्याने, ११६.६४ ग्रॅमची.)

बिलाच्या बाबतीत तुलनाच नाही. निव्वळ वजन ग्रॅममध्ये, शुद्धता, मजुरी आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहून घ्यावं. खडे-मोती जडवलेल्या दागिन्यात एकूण वजन नि सोन्याचं वजन यांत बराच फरक पडतो, तो तोळ्याच्या गोल आकड्यात सहज लपतो.

बोलायला मात्र तोळाच सोपा. 'पाच तोळ्यांचा राणीहार' म्हटलं की घरात सगळ्यांना अंदाज येतो. '५० ग्रॅम' ऐकून आत्या विचारणारच, म्हणजे किती?

बैठकीत, बजेट ठरवताना तोळा चालेल, फक्त १० ग्रॅमचा हे आधीच बोलून घ्या. खरेदी, मोड, वाटणी आणि गहाण यांत ग्रॅमच.