शब्दांचं ॲप, सात महिने आणि पहाटेचे साडेपाच

इंग्रजी शब्द शिकवणाऱ्या ॲपवरची स्ट्रीक, म्हणजे सलग सरावाच्या दिवसांची मोजणी, ९६ वर तुटली तेव्हा मुलगी रडली नाही, मीच चिडलो. सलग १०० दिवस झाले की एक महिना फुकट, म्हणजे रोख ३९९ रुपये. चार दिवस उरले होते हो!

सप्टेंबरपासून हे ॲप घरात आहे. मुलगी बारावीला, डोळा आयपीमॅटवर, म्हणजे आयआयएमच्या बारावीनंतरच्या व्यवस्थापन कोर्सच्या प्रवेशपरीक्षेवर. हा पाच वर्षांचा कोर्स २०११ मध्ये आपल्या इंदूरच्याच आयआयएमने सगळ्यांत आधी काढला. त्यामुळे इथल्या रामबागेत कुणाकडेही चहाला जा, हा विषय निघतोच. ॲपमध्ये रोज शब्दांची कार्डं सोडवायची, अर्थ हिंदीत किंवा इंग्रजीत; स्ट्रीक चालू असेपर्यंत एक ज्योत पेटलेली दिसते. आता थेट दुखण्यावर येतो.

सोमवारी रात्री दहाला तिने कार्डं केली. मंगळवारी पहाटे पाचला पुन्हा केली, कारण नंतर भंवरकुआंला क्लास. बुधवारी सकाळी सहाला ॲप उघडलं तर ज्योत विझलेली. म्हणे मंगळवारी सराव झाला नाही! दोन रात्री कागदावर वेळा मांडल्या तेव्हा उलगडलं. ॲपचं घड्याळ ग्रिनिचचं. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. मंगळवारचे पाच पडले सोमवारच्या खात्यात, बुधवारचे सहा बुधवारच्या. मंगळवार कोरा. पैसे रुपयांत घेता, मग दिवस ग्रिनिचचा का?

कस्टमर केअरला तीन मेल केले. ‘ॲप काढून पुन्हा टाका,’ हे पहिल्याचं उत्तर. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला मी वेळांचा तक्ताच जोडला, तर ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’. मोल ३९९, तेच तर सांगत होतो.

दुसरी तक्रार अर्थांची. ‘एन्डेव्हर’समोर हिंदीत ‘चेष्टा’. हिंदीपुरतं बरोबर, प्रयत्न. पण आमची आई शेजारी शेंगा सोलत ऐकत होती. ती म्हणाली, “थट्टेचे शब्दसुद्धा परीक्षेला असतात का गं?” घरात मराठी, शाळेत हिंदी, पेपर इंग्रजीत, ‘शिक्षा’ या एका शब्दाने काय घोळ होतात ते इंदूर-ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. अर्थासाठी मराठीचा पर्यायच नाही. डिसेंबरात आम्ही सरळ इंग्रजी-इंग्रजी करून टाकलं.

आणि इथे माझं मत जरा बदलतं. तोवर दोनच तारे द्यायचे ठरवले होते. पण इंग्रजी-इंग्रजी केल्यावर खाली वाक्यं येतात, ती खरंच निवडून घेतलेली आहेत. ‘सँक्शन’ म्हटलं की आमच्या पोरीला फक्त लोन आठवायचं. ॲपने दोन वाक्यं लागोपाठ दिली: एकात मंजुरी, दुसऱ्यात एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध. ‘टेम्पर’ म्हणजे राग एवढंच मलाही ठाऊक होतं. क्रियापद म्हणून तोच शब्द ‘सौम्य करणे’. शिवाय छटांचा सराव आहे. त्या दिवशी ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पार्सिमोनियस आहात.” म्हणजे चिक्कू. मी म्हटलं, फ्रूगल म्हण, काटकसरी. तर म्हणे, “फ्रूगल कौतुकाने म्हणतात.”

प्रश्न अशाच ठिकाणी फसवतात. अमेरिकेतल्या एसएटी या कॉलेज प्रवेशपरीक्षेने विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्येच काढून टाकले, शब्दांच्या जोड्यांतलं नातं ओळखायचे (ॲनॉलॉजी) प्रश्न २००५ मध्ये. आता तिथे शब्द विचारतात तो उताऱ्यातल्या संदर्भानेच. आयपीमॅटच्या इंग्रजीत ४० मिनिटांत ४५ प्रश्न, बरोबरला चार, चुकीला उणे एक. उतारे, वाक्यांचा क्रम, गाळलेल्या जागा. सुटे शब्द पाठ करून तिथे भागत नाही. म्हणून ॲपची ती ३००० शब्दांची यादी मला निम्मी भरती वाटते. ‘डिफेनेस्ट्रेशन’ कुठे वापरणार? अर्थ: खिडकीबाहेर फेकणे. ज्योत विझली त्या दिवशी हा शब्द माझा मात्र कायमचा पाठ झाला. ज्यांना फक्त सीयूईटी, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा द्यायची आहे त्यांना यादी कामाची, तिथे समानार्थी-विरुद्धार्थी विचारतात.

पैशांचं एवढंच: ऑटोपे (दर महिन्याला आपोआप पैसे कापणं) लावलं असेल तर पैसे कापायच्या निदान २४ तास आधी मेसेज येतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो वाचा. मॅन्डेट, म्हणजे पैसे कापायची दिलेली परवानगी, आपल्या यूपीआय ॲपमधूनच रद्द होतं, यांच्या दारात जावं लागत नाही. मी केलं. अँकी हे कार्डांचंच दुसरं ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे, आणि (हे वाचून मी खुर्चीतून उठलोच) त्यात दिवस कधी बदलायचा ते आपण ठरवतो. काही न करता सोडलं तर पहाटे चार. एवढी साधी गोष्ट! पण कन्या म्हणते, कार्डं कोण बनवणार, तुम्ही? म्हणून परीक्षेपर्यंत हेच ॲप, दर महिन्याला हाताने पैसे भरून. तीन तारे.

मागच्या आठवड्यात ती तापाने पडली होती. ज्योत जाऊ नये म्हणून तिच्या फोनवर दहा कार्डं मीच सोडवली. सात चुकली. तेव्हापासून ॲप तिला रोज तेच सात शब्द विचारतंय आणि ती माझ्याकडे बघतेय. पण स्ट्रीक ८८ वर आहे, आणि गजर मी ५:३५ चा लावलाय.