अकाउंटिंगची असोसिएट डिग्री घेतली, क्रेडिट्स मात्र कुठेच चालेनात

न्यू जर्सीत एडिसन, इझलिन, पार्सिपनी या भागात राहणाऱ्या आणि भारतातलं बी.कॉम. असलेल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी लिहितेय. ग्रीन कार्ड हातात आलं की नोकरीचे विचार सुरू होतात आणि नेमके तेव्हाच छोट्या खासगी कॉलेजांचे फोन यायला लागतात. "दोन वर्षांत अकाउंटिंगची असोसिएट डिग्री, पुढे थेट सीपीए", म्हणजे परवानाधारक अकाउंटंट, असं सांगून अशाच एका कॉलेजने मला ३४ हजार डॉलर्सच्या कर्जात टाकलं.

त्यांचा काउन्सेलर आपल्याच गणेशोत्सवात स्टॉल लावून बसला होता. मराठी बोलणारा, प्रत्येक वाक्यात 'ताई'. पुढे रोज व्हॉट्सॲप. त्याने चार गोष्टी ठासून सांगितल्या. इथे भारतातल्या बी.कॉम.ला कोणी विचारत नाही. आमच्या कॉलेजला मान्यता आहे. आमची सगळी ६० क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, स्टेट युनिव्हर्सिटीत चालतात. आणि सीपीए नको असेल तर आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या, एन्रोल्ड एजंट (परवानाधारक कर सल्लागार) परीक्षेला बसायलाही हीच डिग्री लागते. यातली एकच गोष्ट खरी होती, मान्यतेची. बाकीच्या तीन थापा त्या एका खऱ्या गोष्टीच्या आडोशाने खपल्या.

पैशांचं काम त्यांनी फार झटपट केलं. फेडरल मदतीचा फाफ्सा अर्ज माझ्या शेजारी बसून भरून घेतला. लग्न झालेला विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो, त्यामुळे पहिल्या वर्षी ९,५०० आणि दुसऱ्या वर्षी १०,५०० डॉलर्सपर्यंत फेडरल कर्ज मिळतं. ते त्यांनी पूर्ण उचलायला लावलं. फी त्याहून जास्त असल्याने उरलेले १४ हजार कॉलेजच्याच हप्त्यांच्या कर्जात घातले. फेडरल कर्जाचा जो भाग अनुदानित नसतो, म्हणजे शिकत असताना ज्याचं व्याज सरकार भरत नाही, त्याचं व्याज पैसे सुटल्या दिवसापासून चढतं. हे कुणी सांगितलं नाही. "ताई, नोकरी लागली की फेडायचं" एवढंच.

शिकवणं वाईट नव्हतं. पेरोल, क्विकबुक्स, एक्सेल नीट झालं आणि मॅनेजेरियल अकाउंटिंग शिकवणाऱ्या बाई खरोखर तळमळीच्या होत्या. पण डिग्री घेऊन स्टेट युनिव्हर्सिटीत बी.एस.साठी अर्ज केला तेव्हा त्यांनी इंग्रजी आणि कॉलेज अल्जिब्रा एवढेच दोन विषय धरले. अकाउंटिंगचा एकही नाही.

कारण विद्यापीठाच्या ऑफिसातल्या बाईंनी समजावलं, आणि ते प्रत्येकीला माहीत हवं. मला मिळाली ती असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, म्हणजे थेट नोकरीसाठी आखलेली डिग्री. पुढच्या पदवीसाठी असोसिएट ऑफ सायन्स वेगळी असते. न्यू जर्सीत २००७ च्या कायद्यामुळे कौंटी कॉलेजातली (जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातली) असोसिएट ऑफ आर्ट्स किंवा सायन्स सरकारी विद्यापीठांत वर्ग होते. अप्लाइड सायन्सला ते संरक्षण नाही, आणि खासगी कॉलेजाला तर मुळीच नाही. शिवाय मान्यता कुणाची, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या कुठल्या संस्थेची, हाही प्रश्न असतोच. सरकारी विद्यापीठांना मिडल स्टेट्स कमिशनची मान्यता असते, माझ्या कॉलेजची दुसऱ्याच एका संस्थेची होती. २०२० पासून केंद्रीय शिक्षण खातं असा भेद करत नाही, पण क्रेडिट घ्यायचं की नाही हे ज्या त्या विद्यापीठाच्या हातात आहे. आणि मान्यता देणाऱ्या संस्थाही सारख्या नसतात. २०१६ मध्ये बंद पडलेल्या आयटीटी टेक या खासगी कॉलेजांच्या साखळीला मान्यता देणाऱ्या एसीआयसीएस या संस्थेचीच मान्यता खात्याने त्या वर्षी आणि पुन्हा २०२२ मध्ये काढून घेतली.

बाकीच्या दोन थापा ऐकून तर रागाने अंग थरथरलं. एन्रोल्ड एजंट व्हायला कुठलीच डिग्री लागत नाही. आयआरएसचा पीटीआयएन (लोकांचे कर विवरण भरून देणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक) घ्यायचा, तीन भागांची परीक्षा द्यायची, पास झाल्यावर ते तुमचे करांचे रेकॉर्ड तपासतात. बस. आणि माझं बी.कॉम. परदेशी पदव्यांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे पाठवलं तेव्हा त्याची भरपूर क्रेडिट्स धरली गेली. सीपीएसाठी वर्षानुवर्षं १५० क्रेडिट तासांची अट होती, आता काही राज्यं पदवी आणि दोन वर्षांच्या अनुभवावरही परवाना देऊ लागली आहेत. दोन्ही वाटांना बॅचलर पदवी लागते. असोसिएटवर सीपीए होत नाही. माझ्या हातात आधीच जे होतं ते कवडीमोल ठरवून तेच मला पुन्हा विकलं गेलं.

कॉलेजात जाब विचारायला गेले तर काउन्सेलर नोकरी सोडून गेलेला. त्यांनी प्रवेश करारातलं बारीक अक्षरांतलं कलम दाखवलं: क्रेडिट स्वीकारणं पूर्णपणे दुसऱ्या संस्थेच्या मर्जीवर. म्हणजे तोंडी एक सांगायचं आणि सही दुसऱ्यावर घ्यायची. प्रवेशांच्या संख्येवर भरती करणाऱ्यांना कमिशन देण्यास फेडरल कायद्याने बंदी आहे. मग तो माणूस इतका मागे का लागला होता, हा प्रश्न मी तक्रारीत लिहिला आहे.

तक्रार राज्याच्या उच्च शिक्षण कार्यालयाकडे केली. फेडरल कर्जासाठी 'बॉरोअर डिफेन्स'चा अर्ज भरला. कॉलेजने खोटं सांगून प्रवेश घ्यायला लावला हे सिद्ध झालं तर ते कर्ज माफ होऊ शकतं. २०२२ मध्ये कोरिंथियन कॉलेजेस या बंद पडलेल्या खासगी साखळीच्या सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं कर्ज असंच माफ झालं. काउन्सेलरचे सगळे मेसेज माझ्याकडे आहेत, तेच सगळ्यात मोठा पुरावा ठरत आहेत. अर्ज अजून प्रलंबित आहे. कॉलेजने दिलेलं कर्ज मात्र या योजनेत बसत नाही, त्याचे हप्ते चालूच आहेत.

तुमच्याकडे असा कुणी आला तर सही करण्याआधी ज्या विद्यापीठात पुढे जायचंय त्यांनाच ईमेल करा: या कॉलेजचे हे विषय घ्याल का? उत्तर लेखी घ्या. बी.कॉम.चं मूल्यमापन आधी करून घ्या. मिडलसेक्ससारख्या कौंटी कॉलेजात रहिवाशांना फी कमी असते, तिथली फी शेजारी ठेवून बघा. आणि प्रवेश घेऊन झाला असेल, शंका येत असेल, तर सत्राचा ६० टक्के काळ संपायच्या आत निर्णय घ्या. त्याआधी सोडलं तर न वापरलेली फेडरल मदत परत जाते, त्यानंतर सगळी रक्कम तुमच्या नावावर लागते. त्या दिवसाची नेमकी तारीख फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर मागून घ्या.