लाकडावर हात बसवायचाय: चाकू घ्यावा, पटाशी घ्यावी की मशिन?

लाकडावर कोरीव काम शिकायचं मनात आलं की माणूस सगळ्यात आधी ऑनलाइन दुकानात शिरतो आणि लाकडी पेटीत नीट मांडलेला बारा हत्यारांचा झकास सेट बघून हुरळतो. खरेदीचं बटण दाबण्याआधी जरा थांबा. घरात बसून काम करायला जागा कुठली आहे, तुमच्या गावात लाकूड कुठलं मिळतं आणि हत्याराला धार लावायचा कंटाळा आहे की नाही, या तीन गोष्टींवर तुमची निवड ठरते. हत्याराचा ब्रँड नंतर बघू.

हौशी माणसासमोर चार वाटा असतात. चाकूने हातात धरून कोरणं, म्हणजे व्हिटलिंग. फळीवर पटाशी-मोगरीने उठावाचं काम. चिप कार्व्हिंग, म्हणजे सपाट लाकडातून त्रिकोणी कपच्या काढून नक्षी करणं. आणि फिरत्या बिटाचं, म्हणजे गरगर फिरून लाकूड खाणाऱ्या टोकाचं, रोटरी मशिन. चारही सारख्या तोलाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. दहातल्या आठ-नऊ जणांनी पहिल्या दोनांतूनच निवडावं.

चाकू

चाकूची सगळ्यात मोठी सोय म्हणजे तो फ्लॅटमध्ये चालतो. एक स्टूल, मांडीवर जाड कापड, खाली कपच्या पडायला परात, झालं. आवाज नाही, धूळ जवळजवळ नाही. रात्री जेवणं उरकल्यावर बाल्कनीत बसून तासभर काम केलं तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही.

चाकू मात्र कोरण्यासाठीच बनवलेला हवा. भाजीची सुरी नको, कारण तिची मूठ जोर लावायला बनलेली नसते. खिशातला घडीचा चाकूही नको. पातं अडकवायचं कुलूप नसेल तर ते तुमच्याच बोटांवर मिटतं. स्वीडनचा मोरा 120 हा नवशिक्यांना सर्रास सुचवला जातो आणि ते योग्यच आहे: पातं साधारण 60 मिलिमीटर, कार्बन स्टीलचं, मूठ लाकडी. मोरा 106 चं पातं 80 च्या पुढे जातं, ते लांब कापांना छान, पण पहिल्या चाकूला जरा मोठं. या चाकूंची धार दोन्ही बाजूंनी एकेका सपाट उतारावर आलेली असते. तो उतार दगडावर टेकवला की कोन आपोआप जमतो, वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. नवख्याला हा फायदा चाकूच्या सुबकपणापेक्षा मोठा आहे.

तंत्र थोडंच आहे, पण ते हातात मुरायला वेळ लागतो. समजा लाकडी चिमणीची चोच काढायचीय. चोच जिथे डोक्याला मिळते तिथे आधी पातं टेकवून आडवी खोल रेघ मारायची. मग चोचीच्या टोकाकडून त्या रेघेकडे तिरका काप घ्यायचा, पात्याच्या पाठीवर डाव्या हाताचा अंगठा ठेवून, त्यानेच रेटत. पातं रेघेपाशी पोचलं की कपची स्वच्छ सुटते. रेघ मारलीच नाही तर फट डोक्यापर्यंत पळते आणि चिमणीचा गाल जातो. काप घेताना मनगट नाही, फक्त अंगठा हलतो, त्यामुळे पातं हुकलं तरी फार लांब जात नाही.

उणिवाही सांगून टाकतो. वस्तू मुठीत मावेल एवढीच करता येते. कडक लाकूड चाकूने कापणं म्हणजे मनगटाला शिक्षा. आणि धरलेला हात पात्याच्या वाटेत असतो, म्हणून त्या हातात कापरोधक हातमोजा आणि चाकूच्या हाताच्या अंगठ्याला चामड्याची टोपी हवीच. हे मोजे घसरणाऱ्या धारेपासून वाचवतात, टोचणाऱ्या टोकापासून नाही.

चमचे करायचे असतील तर वाकडं पातं वेगळं घ्यावं लागतं आणि लाकूड ओलं असावं लागतं. ओलं लाकूड लोण्यासारखं नसलं तरी सुक्याच्या मानाने पुष्कळ सोपं जातं. पावसाळ्यात सोसायटीत पडलेली फांदी त्यासाठी उत्तम. उभं झाड किंवा त्याच्या फांद्या मात्र परवानगीशिवाय तोडायच्या नाहीत. शहरी भागात त्यासाठी 1975 चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. चंदनाच्या तर वाटेलाही जाऊ नका.

पटाशी आणि मोगरी

तुमच्या मनात देवघराची कमान, दाराची चौकट, पाटावरची वेलबुट्टी असेल तर चाकू तिथवर नेणार नाही. पुण्यातला विश्रामबागवाडा, 1807 सालचा, एकदा याच नजरेने बघून या. सुरूच्या झाडाच्या आकाराचे ते खांब आणि सागवानातली नक्षी बघताना पाकळी कुठे संपते आणि मागची जमीन, म्हणजे नक्षीभोवतीची सपाटी, किती खाली उतरवलीय एवढंच बघा. राजा केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजेही तसेच. ते बघून हात शिवशिवले तर तुमची वाट पटाशीची.

कामाची रीत अशी: चित्र फळीवर उतरवायचं, व्ही आकाराच्या पटाशीने रेघांच्या बाहेरून चर मारायचा, मग चित्राभोवतीची जमीन एकसारखी खाली घ्यायची आणि शेवटी उरलेल्या उठावाला गोलाई द्यायची. जमीन उतरवणं कंटाळवाणं आहे आणि नेमकं तेच हात तयार करतं.

यात दोन्ही हात धारेच्या मागे असतात, म्हणून शिस्तीत केलं तर हे काम चाकूपेक्षा सुरक्षित आहे. अट एकच, फळी हलता कामा नये. पारंपरिक कारागीर जमिनीवर बसून पायाने फळी दाबून धरतो. ते बघायला सुंदर असलं तरी तुम्ही निदान पहिलं वर्ष त्या वाटेला जाऊ नका. भक्कम टेबल आणि फळी त्याला आवळून धरणारे दोन सी-क्लॅम्प घ्या. टेबल डुगडुगतं असेल तर मोगरीचा निम्मा जोर त्यातच मुरतो.

आवाजाचाही विचार करा. लाकडी मोगरीचा ठोका खालच्या मजल्यावर व्यवस्थित पोचतो, आणि दुपारच्या झोपेच्या वेळी तो कुणालाच आवडत नाही. यावर तोडगा म्हणजे तळहातात मावणाऱ्या बुटक्या मुठीच्या पटाश्या. त्या मोगरीशिवाय रेटून चालवतात. मऊ लाकडावर पोस्टकार्डाएवढं काम त्यांनी मजेत होतं.

आता तो बाराचा सेट. कोरीव कामाच्या पटाश्यांना बाकानुसार नंबर असतात: 1 म्हणजे सपाट, 3 म्हणजे जेमतेम बाक, 9 म्हणजे जवळजवळ अर्धवर्तुळ. सेटमध्ये यातलं सगळं थोडं थोडं असतं आणि रोज हातात तीन-चारच येतात. 3 नंबरची साधारण 12 मिलिमीटर रुंद, 7 नंबरची 10 च्या आसपासची, 60 अंशाची एक व्ही पटाशी आणि सुताराची साधी सपाट पटाशी एवढ्यावर महिनोन्‌महिने जातात. स्वस्त सेटमधल्या बऱ्याच पटाश्या धार न लावताच येतात, पोलाद मऊ असतं आणि आतल्या बाजूला घासकामाचे चरे तसेच असतात. त्याच पैशांत दोन चांगल्या पटाश्या घ्या आणि तिसरी गरज पडेल तेव्हा. हार्डवेअरच्या दुकानातली जाड गोल पटाशीही चालेल, पण तिला कोरीव कामाची धार आणायला एक रविवार बाजूला काढा.

खर्चात चाकूची वाट सरळ स्वस्त: चाकू, मोजा, चामड्याचा तुकडा आणि लाकूड. पटाशीच्या वाटेला क्लॅम्प, मोगरी, दगड धरून त्याच्या दुप्पट-तिप्पट तयारी ठेवा. टेबल घरात नसेल तर त्याहून जास्त.

उरलेल्या दोन वाटा

चिप कार्व्हिंग दिसायला देखणं आणि हत्यारं फक्त दोन चाकू. ज्यांना कंपास-पट्टीने आकृत्या काढायला आवडतात, त्यांना ते भुरळ घालतं. पण त्याला एकसारख्या पोताचं मऊ लाकूडच लागतं, सागवानात कपची सुटतच नाही. शिवाय चूक झाकता येत नाही. रांगोळीची आवड असेल तर विचार करा.

रोटरी मशिन मी नवख्याला सुचवत नाही. कडक लाकडात बारीक काम त्याने होतं, धार लावायचीही कटकट नाही, हे मान्य. पण ते बारीक धूळ उडवतं, आणि लाकडाची धूळ ही कर्करोगकारक म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच पहिल्या गटात नोंदवलेली आहे. म्हणजे एन-95 मास्क, चष्मा आणि वेगळी खोली आली. बेडरूममध्ये हे करायचं नाही. आणि चाकूसाठी घेतलेला तो मोजा इथे घालायचा नाही, फिरणारं बिट त्याचा धागा धरून बोट आत ओढतं.

लाकूड

परदेशी व्हिडिओंत सगळे बासवुड नावाचं मऊ लाकूड कोरतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना ते, किंवा तिथलं लाइम (लिंबू नव्हे, बासवुडच्याच जातकुळीतलं झाड), सहज मिळेल. त्यांना पुढचं वाचायचीही गरज नाही. आपल्याकडे ते आयात होऊन छोट्या ठोकळ्यांत येतं आणि त्या मानाने महाग पडतं.

इथे माझं पहिलं मत शिवण या झाडाच्या लाकडाला. फिकट पिवळसर, हलकं, वाळल्यावर फारसं वाकत नाही, चाकूलाही आणि पटाशीलाही झेपतं. वखारीत मोठी फळी मागू नका, तुकडे मागा, जळणाच्या ढिगातही सापडतात. पांगारा त्याहून मऊ. सावंतवाडीच्या खेळण्यांना परंपरेने तोच वापरत आले. तिथल्या चितारआळीत, खेळणी करणाऱ्यांच्या आळीत, ती रंगीत लाकडी फळं हातात घेतलीत तर वजनावरूनच कळेल. पण पांगाऱ्यात बारीक नक्षी धरत नाही, कडा चुरतात. मऊ लाकूड बोथट हत्यार खपवून घेईल हा मोठाच गैरसमज आहे. मऊ लाकडाचे तंतू बोथट धारेखाली कापले न जाता चेंगरतात, म्हणून त्याला उलट जास्त कडक धार लागते.

सागवानात पटाशीचा काप स्वच्छ येतो आणि बारकावा टिकतो. वाड्यांतलं काम अजून उभं आहे ते त्यामुळे. पण त्यात सिलिका असते, ती धार खाते. चाकूवाल्यांनी सागवान सोडून द्यावं. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान बाजारात स्वस्तात मिळालं तर आधी लोहचुंबक फिरवून बघा, आत मोडलेला एक खिळा पटाशीची महिनाभराची धार घेऊन जातो. आंब्याचे तंतू उलटसुलट असतात, एका दिशेने गुळगुळीत, दुसऱ्या दिशेने उचकटतात. ते दुसऱ्या वर्षी. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन फुकट मिळतं, पण त्यात मऊ-कडक पट्टे आलटून पालटून येतात आणि पातं घसरतं. प्लाय आणि एमडीएफ नाहीच.

धार

लोक हा छंद सोडतात त्यामागे कलेचा अभाव क्वचित असतो, बोथट हत्यार नेहमी असतं. कार्बोरंडमचा दुहेरी दगड हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, तो धार काढायला पुरे. पण खरं काम दगडानंतर चामड्यावर होतं. जुन्या पट्ट्याचा तुकडा फळीवर चिकटवा, त्यावर पॉलिशवाल्यांचा हिरवा बफिंग साबण घासा आणि पातं पाठीच्या दिशेने ओढत रहा, न्हावी वस्तरा ओढायचा तसं. दर वीसेक मिनिटांच्या कामामागे दोन मिनिटं हे केलं तर दगडाकडे क्वचितच जावं लागतं. धार आली का ते अंगठ्यावर बघू नका. लाकडाच्या आडव्या तोंडावर, म्हणजे फांदी करवतीने कापल्यावर जे गोल दिसतं त्यावर, एक पातळ काप घ्या. काप चकचकीत आला तर धार आहे. पांढुरका, खरबरीत आला तर पुन्हा चामडं.

इथे चाकू आणि पटाशीत मोठा फरक आहे. चाकूची सरळ धार एका संध्याकाळी शिकता येते. गोल पटाशी दगडावर डावी-उजवी लोळवत घासावी लागते, आतून वेगळी, बाहेरून वेगळी, आणि व्ही पटाशीचं टोक तर भल्याभल्यांना रडवतं. धारेचा कंटाळा येणाऱ्या माणसाने एवढ्यावरूनच चाकू निवडावा.

कोकणात किंवा मुंबईत असाल तर कार्बन स्टील जूनमध्ये दोन दिवसांत तांबेरतं. काम झालं की पातं पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा हात फिरवा.

मग घ्यायचं काय?

फ्लॅटमध्ये राहता, रात्रीच वेळ मिळतो, छोट्या वस्तू आवडतात: छोटा चाकू, मोजा, चामडं, शिवणीचे तुकडे. घरात भक्कम टेबल आहे, दिवसा आवाज चालतो, नक्षीचं वेड आहे: दोन-तीन पटाश्या, मोगरी, दोन क्लॅम्प आणि शिवणीची फळी, सागवान नंतर. नक्की काय ते ठरत नसेल तर चाकूनेच सुरू करा. पटाशीकडे वळलात तरी तो लागतोच, कोपरे साफ करायला त्याच्याइतकं दुसरं काही नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत करणार असाल तर पहिले काही दिवस चाकूऐवजी साबणाची वडी आणि लाकडी काडी द्या, काप कुठल्या दिशेने घ्यायचा ते त्यातही कळतं.

झालेल्या वस्तूला जवसाचं तेल लावा. स्वयंपाकाचं शेंगदाण्याचं तेल वाळत नाही आणि खवट होतं. आणि जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि घडीत कोंडलेली उष्णता चिंधी पेटवू शकते. दोरीवर पसरून कडक वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून मग टाका.