मॉडेल डिझेल इंजिन मळवलं, त्याला आठ महिने झाले: काय टिकलं, काय उडालं

गेल्या जूनमध्ये मी माझं एकुलतं एक डिझेल इंजिन वेदरिंगला घेतलं. नव्या मॉडेलवर धूळ, डाग, काजळी चढवून ते वापरातलं दिसेल असं करायचं, याला मॉडेलवाले आम्ही सगळे ‘वेदरिंग’ म्हणतो, पण बायकोने पहिल्याच दिवशी काढलेला शब्द मला जास्त पटला. “एवढे पैसे घालून आणलंस आणि आता मळवतोयस?” तेव्हापासून घरात त्याला मळवणंच म्हणतात.

इंजिन एचओ स्केलचं, म्हणजे १:८७. डब्ल्यूडीएम-२, म्हणजे रेल्वेची आपली जुनी ॲल्को (अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीच्या आराखड्याची). खरं इंजिन १७ मीटरच्या थोडं वर, म्हणजे माझं जेमतेम २० सेंटिमीटर भरतं. वरची बॉडी एका हौशी माणसाने थ्रीडी प्रिंट करून दिलेली, खालचा सांगाडा ॲटलास कंपनीच्या जुन्या आरएसडी-५ मॉडेलचा, सेकंडहँड. ही जोडी जमते, कारण दोन्हीकडे ॲल्कोचीच चाकांच्या तीन-तीन जोड्यांची बोगी (डबा नव्हे, खालचा चाकांचा गाडा) आहे आणि त्यात चाकांमधली अंतरं सारखी नाहीत. रंग विटकरी, मधोमध पिवळा पट्टा. हातात आलं तेव्हा प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं चकाकत होतं.

मी मूळचा मिरजेकडचा. लहानपणी सुट्टीत पुण्याहून घरी जाताना शिंदवण्याच्या घाटात खिडकीतून मान बाहेर काढून बघितलेली ॲल्को मला हवी होती. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे वेगाच्या दांडीचा टप्पा, वाढवला की आधी काळाकुट्ट धुराचा लोट, मग थोड्या वेळाने जोर. इंजिनात डिझेल लगेच वाढतं, पण टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) वेग घेऊन पुरेशी हवा देईपर्यंत वेळ जातो, तेवढ्यात अर्धवट जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. ही इंजिनं १९६२ मध्ये अमेरिकेतून आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनू लागली. म्हणजे मी ज्यांच्या धुरात वाढलो ती तेव्हाच म्हातारी झालेली होती. स्वच्छ ॲल्को मी पाहिलेलीच नाही, मग माझ्या रुळावर ती नवी कोरी कशी चालेल?

सामान फार नव्हतं. व्हॅलेहोचं मॅट व्हार्निश, चित्रकलेच्या दुकानातल्या ऑइल कलरच्या तीन ट्यूब (बर्न्ट अंबर, काळा, पांढरा), रंगाच्या कोरड्या भुकटीच्या म्हणजे पिगमेंटच्या तीन डब्या, मेकअपच्या डबीसारखी दिसणारी तयार वेदरिंगची एक डबी, बिनवासाचा थिनर, सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या आणि शाळेतली ४बी पेन्सिल. एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं साधन, एका मित्राकडून आणला होता, ०.३ मिलिमीटर नोझलचा. एकाच इंजिनासाठी एअरब्रश विकत घेऊ नका. मी तो खालच्या धुळीसाठी दोनदा वापरला आणि धुवायला मात्र चार वेळा लागला.

पहिली चूक जूनचीच. पुण्यात बाहेर पाऊस, आणि मी बाल्कनीत उभा राहून व्हार्निशचा स्प्रे कॅन मारला (व्हॅलेहोचं नव्हे, घाईत आणलेला दुसराच). पाच मिनिटांत अख्खं इंजिन दुधाळ झालं, जणू कोणी ताक शिंपडलंय. कॅनमधलं द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसून व्हार्निशमध्ये अडकतं. दोष कॅनचा नव्हता, माझ्या घाईचा होता. ऑक्टोबरच्या उन्हात त्यावर पुन्हा एक पातळ थर दिला तेव्हा बहुतेक दूध गेलं. टाकीच्या एका कोपऱ्यात अजून पुसटसं दिसतं, आणि पाहुणे त्यालाच ‘मस्त धूळ’ म्हणतात. मी गप्प बसतो. तेव्हापासून व्हार्निश ब्रशने, घरात, तेही पाऊस नसताना.

आधी मॅट व्हार्निश कशाला, हा प्रश्न मलाही होता. गुळगुळीत प्लॅस्टिकवर भुकटी थांबत नाही, बोट लावलं की निघते. मॅट थर सूक्ष्म खरखरीत असतो, भुकटी त्यात रुतते. हाच थर ऑइल कलरच्या थिनरपासून खालचा रंगही वाचवतो. ही पायरी गाळून पाहायची असेल तर भंगारातल्या एखाद्या वाघिणीवर (मालगाडीच्या डब्यावर) पाहा.

ऑइल कलरवर मी खूष आहे, आणि तो सगळ्यात स्वस्तही आहे. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तास-दोन तास ठेवायचा, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल पितो. उरलेला रंग लवकर वाळतो आणि चमकतही नाही. मग बारीक ब्रशने हूडच्या (आतली यंत्रं झाकणाऱ्या लांबट पेटीच्या) दारांच्या बिजागऱ्यांखाली, रिव्हेटखाली, छपराच्या कडेला अगदी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके द्यायचे. थिनरमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा पुसलेला चपटा ब्रश वरून खाली ओढायचा. ठिपक्याचा ओघळ होतो. जास्त झाला तर पुन्हा थिनर, पुन्हा ओढा. दुसऱ्या दिवशीसुद्धा तो पुसता येतो. मी एक बाजू तीन वेळा पुसून केली. ॲक्रिलिकचा वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, ही संधी देत नाही, तो वाळताना कडेला चहाच्या कपाच्या डागासारखी वर्तुळं सोडतो.

आणि इथे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका येतात. पुण्यातल्या घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये, जिथे रेल्वेची इंजिनं दुरुस्त होतात, फिटर होते, आता निवृत्त. ऑगस्टमध्ये मी मोठ्या अभिमानाने त्यांना इंजिन दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. लाँग हूडच्या, म्हणजे केबिनच्या ज्या बाजूला हूड लांब असतं तिकडच्या, टोकाला मी एक झकास काळा तेलकट ओघळ सोडला होता.

“हे काय रे?”

“मोबिल गळतंय, काका.”

“इथं? इथं रेडिएटर आहे. इथून पाणी येईल, मोबिल कुठून येईल? पाणी गळलं की वाळून पांढुरकं होतं. असं काळं नाही होत.”

मग त्यांनी अर्धा तास बोट ठेवून दाखवलं. डिझेल भरायच्या तोंडाखाली टाकीवर खरोखरचा ओला काळा डाग असतो, कारण भरताना थोडं सांडतंच आणि त्यावर धूळ चिकटते. बफरच्या तबकडीवर ग्रीसचा काळा ठिपका मधोमध असतो, कडेला नाही. बोग्यांवर ब्रेकच्या लोखंडाची तपकिरी भुकटी, वाळूच्या नळ्यांच्या तोंडाशी फिकट पांढरट. काजळी चिमणीच्या दोन्ही बाजूंना, कारण हे इंजिन कधी लाँग हूड पुढे धरून चालायचं, कधी शॉर्ट हूड. मी ती फक्त मागच्या बाजूला फासली होती, जणू ते जन्मात कधी उलटं धावलंच नाही. “आणि पायरीवर चिखल असतो रे, पण कठडा मात्र चकचकीत असतो. रोज हात लागतो ना.”

त्या रात्री मी निम्मं काम पुसलं. तोवर मी डाग ‘छान दिसतील’ तिथे देत होतो. नंतर प्रत्येक डागाला विचारू लागलो, तू आलास कुठून? उत्तर नसेल तर थिनर. हूडच्या टोकाचा ओघळ फिकट राखाडी केला. टाकीच्या तोंडाखालच्या डागावर ग्लॉस व्हार्निशचा एक थेंब दिला, ओला वाटावा म्हणून. तो थेंब आज आठव्या महिन्यातही सगळ्यांच्या नजरेत आधी भरतो. कठड्याच्या दांड्यांवर आणि पायऱ्यांच्या कडांवर ४बी पेन्सिल घासली, शिसाची ती चमक घासलेल्या लोखंडासारखी दिसते. ड्रायव्हरच्या काचेवर वायपरच्या कमानीएवढी मास्किंग टेप कापून लावली, वर धूळ मारली आणि टेप काढली. हे काम पाच मिनिटांचं, पण सगळ्यात जास्त ‘अरे वा!’ यालाच मिळालं.

आता भुकटी. लावल्या रात्री ती जेवढी सुंदर दिसते, तेवढी नंतर कधीच दिसत नाही. टाकी, बोग्या आणि छपरावर मी मनसोक्त लावली. खालच्या धुळीचा रंग आमच्या वाटेवरून घेतला: जेजुरीकडची फिकट तांबूस-राखाडी माती आणि कराडच्या पुढची काळी, दोन्ही मिसळून. कोकणातलं इंजिन करणाऱ्याने जांभ्याची लाल घ्यावी, माझ्या इंजिनावर ती खोटी दिसली असती. मग टिकावी म्हणून वर व्हार्निश मारलं आणि निम्मी धूळ डोळ्यांदेखत गडप झाली. फिकट भुकटी व्हार्निशखाली ओली होऊन पारदर्शक होते, गडद भुकटी आणखी गडद होते. त्यामुळे आता मी खालचा थर गरजेपेक्षा ठळक ठेवतो, त्यावर व्हार्निश देतो आणि शेवटचा पातळ हात तसाच कोरडा सोडतो. कोरडा हात उडणार हे गृहीत धरूनच.

आठ महिन्यांचा हिशोब असा. मी इंजिन आठवड्यातून दोन-तीनदा चालवतो आणि दर वेळी डब्यातून काढतो, परत ठेवतो. जिथे बोटं लागतात, म्हणजे हूडच्या मधल्या भागात दोन्ही बाजूंना, तिथली कोरडी भुकटी सप्टेंबरपर्यंत साफ गेली. अंगठ्याचा ठसा चक्क ओळखता यायचा. छपरावरची आणि बोग्यांवरची जागच्या जागी आहे. ऑइलचे ओघळ एकही हलले नाहीत. मेकअपच्या डबीसारखं जे होतं ते स्पंजने लावायला अगदी सोपं, पहिल्याच प्रयत्नात बरं दिसतं. पण हाताळलं की व्हार्निशखाली नसलेला भाग आधी जातो. कपाटात काचेआड ठेवायच्या इंजिनाला ते उत्तम, रोज धावणाऱ्याला नाही. पेस्टलची कांडी सँडपेपरवर घासून घरी केलेली भुकटी बाजारच्या डबीच्या बरोबरीने टिकली, थोडी जाडसर असते इतकंच. ऑइल पेस्टल मात्र घेऊ नका, ते मेणचट असतं आणि त्याची भुकटी होतच नाही.

एकदा मी देवापुढच्या समईची खरी काजळी गोळा करून चिमणीपाशी लावली. खऱ्या इंजिनावर खरी काजळी असते, मग मॉडेलवरही खरीच का नको? तर ती इतकी तेलकट आणि इतकी काळी निघाली की छपराला भोक पडल्यासारखं दिसू लागलं, आणि बोटाला लागून पिवळ्या पट्ट्यावर पसरली ते वेगळंच. एवढ्या लहान मॉडेलवर शुद्ध काळा कधीच खरा वाटत नाही. गडद करड्यात थोडा तपकिरी मिसळला तर डोळा तो काळा म्हणून मुकाट स्वीकारतो. पांढऱ्याचंही तसंच.

चालण्याबद्दल. नोव्हेंबरमध्ये इंजिन अडखळायला लागलं, दर दोन फुटांवर थबकायचं. व्हार्निशचा फवारा चाकांच्या कडांवर बसला होता आणि करंट तिथूनच घ्यायचा असतो. रुळावर आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेला टिश्यू पसरून त्यावर चाकं फिरवली, काळा कीस निघाला आणि ते पळायला लागलं. पण आयपीएला बॉडीच्या जवळ फिरकू देऊ नका. पहिल्या आठवड्यात मी बोटांचे ठसे काढायला त्याने पिवळा पट्टा पुसला आणि पट्टाच पुसला गेला. तो मला हाताने पुन्हा रंगवावा लागला, आणि जवळून बघितलं तर कळतं. आता भुकटी लावताना बॉडी सांगाड्यापासून वेगळीच ठेवतो. शिवाय काळ्या रंगाच्या काही भुकट्या आयर्न ऑक्साइडच्या असतात आणि त्या चुंबकाला चिकटतात. मोटरमध्ये चुंबक असतोच. माझ्या गिअरमध्ये गेलेली थोडी भुकटी काढायला एक आख्खा रविवार आणि टूथब्रश लागला.

चाकांच्या बाहेरच्या तबकड्या मात्र रंगवाच. मॉडेलची चकचकीत चाकं हे सगळ्यात मोठं खोटं असतं. दोन वायरी लावून चाकं सावकाश फिरवायची, गडद तपकिरीत बुडवलेला ब्रश स्थिर धरायचा. चाक स्वतःच रंगून घेतं. कडेचा रुळावर टेकणारा पट्टा तेवढा कोरडा राखायचा.

काका गेल्या आठवड्यात पुन्हा आले होते. बराच वेळ बघत होते. मग खिशातून रुमाल काढला आणि माझ्या छातीत धस्स झालं, मला वाटलं आता पुसणार. त्यांनी चष्मा पुसला. “परवाच शेडमधून सुटल्यासारखं दिसतंय,” म्हणाले, “पण शेडमधून सुटताना आम्ही काचा पुसून द्यायचो हां.”

काचा मी पुसलेल्या नाहीत. ते घाटातून परत येतंय असं समजायचं.

खर्चाचं सांगायचं तर तीनही डब्या अजून जवळपास भरलेल्या आहेत, ऑइलच्या ट्यूब तर नुसत्या चेपल्यासारख्या दिसतात. एका इंजिनाला लागतं चिमूटभर. मॅट व्हार्निश मात्र संपलं, तेवढं आधी आणायचंय, कारण मालगाडीचे चार बंद डबे टेबलावर तसेच लखलखीत उभे आहेत.