जुन्या लॅपटॉपवर लुबुंटू की लिनक्स मिंट?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि विंडोज ११ ला जुने प्रोसेसर चालत नाहीत. धडधाकट लॅपटॉपचं करायचं काय, हा प्रश्न त्यामुळे बऱ्याच घरांत आहे. आमच्याकडचा २०१३ चा: तिसऱ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम आणि मूळचीच फिरती हार्ड डिस्क. तो आईसाठी तयार करायचा होता. सकाळी ई-पेपर, अधूनमधून बँकेचं खातं, मावशीशी व्हिडिओ कॉल आणि भजनी मंडळाच्या याद्या मराठीत टाइप करणं, एवढीच तिची गरज. त्यावर आधी लुबुंटू २४.०४ टाकलं, सव्वा महिन्याने लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. दोन्ही विंडोजच्या जागी चालणाऱ्या, उबुंटूवर बेतलेल्या मोफत लिनक्स प्रणाली. दोन्ही आईने रोज वापरली, म्हणून पुढे जे लिहितोय ते बरंचसं तिच्या खुर्चीच्या बाजूला उभं राहून पाहिलेलं आहे.

हलकेपणात लुबुंटू पुढे आहे, हे आधीच मान्य करतो. १८.१० या आवृत्तीपासून त्यात एलएक्सक्यूटी डेस्कटॉप (पडद्यावरचे मेनू आणि खिडक्या सांभाळणारा भाग) आहे आणि तो खरोखर कमी रॅममध्ये भागवतो. लॉगिन केल्यावर डेस्कटॉप लवकर हाताशी येतो, फाइल मॅनेजर चटकन उघडतो. मिंट त्यापेक्षा थोडं जड वाटतं. पण ४ जीबी रॅम असेल तर हा फरक पहिल्या दोन दिवसांतच विसरायला होतो. २ जीबीवर मात्र तो रोज जाणवेल.

मराठी टायपिंगची मला धास्ती होती, ती दोन्हीकडे निघून गेली. आई निवृत्त होण्याआधी ऑफिसात इनस्क्रिप्ट ही देवनागरी टायपिंगची पद्धत शिकलेली. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय लेआउट जोडला की तिची बोटं आपोआप चालायला लागतात. यादीत ‘कुऱ्हाडे’ आडनाव आहे, तिथे मी मुद्दाम थांबून पाहिलं: शिफ्टसह जे, मग डी, मग यू. दोन्ही ठिकाणी ‘ऱ्ह’ नीट उमटला. ज्यांना रोमन स्पेलिंगच्या अंगाने लिहायची सवय आहे, त्यांच्यासाठी त्याच यादीत मराठीचा ‘कगप’ लेआउटही असतो. याद्यांसाठी लिब्रे ऑफिस दोन्हींत आधीपासून आहेच. इथे उजवं-डावं काही नाही.

माझा निर्णय झाला तो फायरफॉक्स ब्राउझरवरून.

उबुंटूच्या कुटुंबात २२.०४ पासून फायरफॉक्स ‘स्नॅप’ स्वरूपात येतो, लुबुंटूतही तसाच. स्नॅप म्हणजे सगळा प्रोग्राम एका दाबून बंद केलेल्या गाठोड्यात. उघडताना ते गाठोडं डिस्कवरून वाचायचं आणि सोडवायचं. एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, हे फारसं कळत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर, आणि तेही लॅपटॉप नुकताच चालू केलेला असताना, फार कळतं. आई सकाळी चष्मा लावून बसायची, फायरफॉक्सवर क्लिक करायची आणि पडद्यावर काहीच व्हायचं नाही. ती पुन्हा क्लिक करायची. मग मला हाक: “अरे, उघडत नाहीये.” मी आतल्या खोलीतून येईपर्यंत एकावर एक तीन खिडक्या उघडलेल्या आणि तिचा चेहरा उतरलेला, कारण आपलंच काही चुकलं असं तिला वाटायचं. एकदा उघडला की दिवसभर ठीक चालायचा. पण तिचा दिवस त्या पहिल्या क्लिकनेच सुरू होतो. आठवड्यातून एखाद्या वेळी वर सूचनाही यायची, अपडेट बाकी आहे, फायरफॉक्स बंद करा, तीही इंग्रजीत आणि बातमी अर्धी वाचून झालेली असताना.

यावर उपाय आहे. स्नॅप काढून फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या ऑनलाइन भांडारातून डेब पॅकेज, म्हणजे गाठोड्याशिवाय साधं इन्स्टॉल होणारं रूप, घेता येतं. मात्र त्या भांडाराला प्राधान्य देणारी एक छोटी फाइल लिहावी लागते, नाहीतर ‘फायरफॉक्स’ मागितलं की उबुंटू पुन्हा स्नॅपच हातात ठेवतं. टर्मिनलला (आज्ञा टाइप करायच्या खिडकीला) सरावलेल्या माणसाचं हे दहा मिनिटांचं काम. लॅपटॉप दुसऱ्या गावी, एकट्या राहणाऱ्या माणसाकडे जाणार असेल तर मला ते पटत नाही. मिंटने २०२० पासून स्नॅप दाराबाहेरच ठेवलंय आणि फायरफॉक्स साध्या डेब पॅकेजमधून येतो. त्याच डिस्कवर तो विजेसारखा उघडतो असं नाही, पण आई एकदाच क्लिक करते आणि खिडकी येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसते. हाक बंद झाली.

मिंटकडे झुकायला आणखी एक कारण आहे. लुबुंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळतात, मिंट २२ ला २०२९ पर्यंत. घरी २०२७ मध्येच पुन्हा सगळं उलगडत बसायचं नसेल तर हा फरक मोठा आहे. शिवाय मिंटमध्ये टाइमशिफ्ट, म्हणजे बिघाड झाल्यास प्रणाली आधीच्या स्थितीत परत नेणारं साधन, आधीपासून असतं, त्याचा पहिला स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत) लॅपटॉप सोपवण्याआधी घेऊन ठेवा. वायफायची चिप ब्रॉडकॉम कंपनीची असेल तर वायफाय कदाचित सुरुवातीला चालणार नाही. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

तुमच्याकडे २ जीबी रॅम असेल, किंवा एसएसडी बसवून झाली असेल आणि टर्मिनलची भीती नसेल, तर लुबुंटू जरूर घ्या, ते मनापासून चांगलं आहे. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर हे दोन्ही विसरा आणि अँटीएक्स ही दुसरी हलकी लिनक्स प्रणाली पाहा.

पेनड्राइव्हवरून दोन्ही चालवून बघणार असाल तर एक ध्यानात ठेवा. तेव्हा सगळं पेनड्राइव्हवरून वाचलं जातं, तुमची हार्ड डिस्क कामाला लागलेलीच नसते. त्या चाचणीत वायफाय, आवाज, कॅमेरा आणि ‘कुऱ्हाडे’ तपासून घ्या. फायरफॉक्सचा वेग डिस्कवर इन्स्टॉल केल्यानंतर बघा, लॅपटॉप पूर्ण बंद करून, दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या क्लिकला.