मुकी: शिवडीच्या चौकीवरचे आठ महिने

कागदावर या विजेवरच्या नव्या रायफलीचं नाव लांबलचक आहे, पलटणीत सगळे मुकीच म्हणतात. गुढीपाडव्याच्या आठवड्यात जुन्या रायफली कोतात, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, जमा झाल्या आणि ही हातात आली. आता घरचा दिवाळीचा फराळ चौकीवर पोचलाय. माझी ड्युटी शिवडीच्या समुद्रभिंतीवर, अटल सेतूच्या म्हाताऱ्या खांबांजवळ. पुढे खाडीचा चिखल, बाजूने माहुलचा वास.

चांगलं आधी सांगतो, ते थोडक्यात आटपतं. नेम उत्तम. दारू नाही, म्हणून नळीत काजळी नाही, रात्री तोंडाशी जाळ दिसत नाही, रिकामी काडतुसं वेचायची कटकट नाही. नळीवर तांब्याच्या तारेची वेटोळी ओळीने बसवलीत. वीज सोडली की वेटोळ्याचं चुंबक होतं आणि गोळीच्या जागची पोलादी सुई पुढे खेचली जाते. सुई मध्यावर पोचायच्या सुमाराला वीज तुटली पाहिजे, नाहीतर तेच वेटोळं तिला मागे ओढतं. हा हिशेब आतलं सर्किट चोख ठेवतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ट्रेनिंगला सांगितलं होतं, आवाज नाही आणि धक्काही नाही. धक्का बसतो. सुई पुढे गेली की खांदा मागे जाणारच, फक्त दारूच्या वायूचा झटका त्यातून वजा. आणि आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सुई त्याहून जोरात सुटली की चाबूक ओढल्यासारखं फटकन वाजतं. मंद मोडवर ठेवली तरच ही खरी मुकी, आणि मंद मोडवर लांबचं काही लागत नाही.

बॅटरीतली बरीचशी वीज सुईला मिळतच नाही, वेटोळी तापवण्यात जाते. मे महिन्यात दुपारी दोन मॅगझिन लागोपाठ झाडली की पुढची मूठ धरवत नाही. मी एकदा तिला ओला रुमाल गुंडाळला. उस्तादांनी लांबूनच पाहिलं.

"काय रे, कॅपॅसिटरला पाण्याच्या घड्या? घरी आईला काय सांगू मी?"

बरोबर होतं त्यांचं. बॅटरी काढली, मॅगझिन काढलं, तरी कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे फैरीची वीज साठवणाऱ्या डबीत, चार्ज उरतो. जुन्या रायफलीत चेंबरमध्ये डोकावलं की खात्री पटायची. इथे डोकावून काही कळत नाही. डिस्चार्जचं बटण दाबून दिवा विझेपर्यंत थांबायचं, आणि तो दिवा उन्हात दिसत नाही! आम्ही त्यावर तळहाताची सावली धरून बघतो.

खरा छळ मात्र वाळूचा. लहानपणी चुंबकाला दोरी बांधून वाळूत ओढलं असेल, तर तुम्हाला पुढचं आधीच कळलं असेल. आपल्याकडचा काळा दगड बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात, दगड झिजला की ते वाळूत उतरतात. चौकीच्या गोण्यांत तीच वाळू. मॅगझिन बसतं पहिल्या वेटोळ्याला खेटून, त्यामुळे दर फैरीला आतल्या सुयाही थोड्या थोड्या चुंबक होतात. रायफल गोणीवर टेकवली की मॅगझिनच्या तोंडाशी काळी मिशी उगवते. फुंकरीने जात नाही, चिंधीने पुसली तर सरकून पलीकडे बसते. सुया एकमेकींना चिकटतात, वर सरकत नाहीत आणि स्टॉपेज, रायफल अडते. जूनच्या फायरिंगला माझ्या डिटेलमध्ये, म्हणजे एकत्र फैरी झाडणाऱ्या तुकडीत, पाच जणांपैकी तिघांचे हात रायफल अडली म्हणून वर होते. यावर उपाय कोत हवालदारांनी शोधला: मळलेल्या कणकेचा गोळा दाबून उचलायचा. मेसवाला अजून विचारतोय कणीक जाते कुठे.

पावसाळ्यात चार्जिंगच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा थर चढला. पाऊस इथला काय असतो हे डिझाइन करणाऱ्याला ठाऊक नसावं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडल्याची नोंद आहे. तशी रात्र यंदा आली नाही, पण खारा वारा रोज येतो आणि तेवढा पुरतो. रोज लिंबाने पट्ट्या घासणारा जगातला मी एकटाच शिपाई असेन.

आमचे आजोबा इन्सासवाले, म्हणजे सैन्याच्या जुन्या दारूच्या रायफलीच्या काळातले. ते सांगायचे, १९९९ ला कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकायची. तिला बर्फाने पकडलं, हिला खाडीने. फैरी झाडायच्या वर्षातून मोजक्या, बाकी दिवस खांद्यावर वागवायची, पुसायची, जमा करायची. त्या बाकीच्या दिवसांसाठी ही बनवलेलीच नाही.

मॅगझिनला झाकण द्या म्हणून सप्टेंबरमध्ये लेखी दिलंय, उत्तर नाही. तोवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवलाय, काळी मिशी निम्म्याने कमी झाली. इन्स्पेक्शनच्या दिवशी काढून खिशात ठेवतो.