स्टीम लाईनचं कोटिंग रबाळ्याच्या टीमकडून करून घेतलं, त्याचा अनुभव

आमचं महापे एमआयडीसीत छोटं केमिकल युनिट आहे, मेंटेनन्स माझ्याकडे असतो. मागच्या पावसाळ्यानंतर स्टीम लाईनच्या एका एल्बोखाली पाणी ठिबकताना दिसलं म्हणून लॅगिंग (पाइपवरचं उष्णता रोखणारं आवरण) उघडायला लावलं, तर आतलं रॉकवुल भिजलेल्या गादीसारखं जड आणि पाइपवरून गंजाचे पापुद्रे अक्षरशः खारीसारखे हातात येत होते. वरून अॅल्युमिनियम क्लॅडिंग, म्हणजे बाहेरचा पत्रा, मात्र चकाचक, कळणार कसं?

तिथे तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरने नुसता वायरब्रश मारून 600 डिग्रीवाला सिलिकॉन अॅल्युमिनियम पेंट लावला होता, आम्हीही आकडा बघून निर्धास्त. पण तो पेंट कोरडी उष्णता सोसतो, लॅगिंगखाली अडकलेलं गरम पाणी नाही, शिवाय नीट पकायला त्याला साधारण 200 डिग्री लागतात आणि आमची लाईन 150 च्या वर जात नाही, बॅच संपली की गार. लॅगिंगखालचं कार्बन स्टील 175 डिग्रीपर्यंत गंजतं आणि अशी सारखी गरम-गार होणारी लाईन सगळ्यात जास्त खाल्ली जाते, हे तेव्हा कोणी सांगितलंच नाही.

रबाळ्याच्या टीमने आधी विचारलं की लाईन किती तापते आणि किती वेळा बंद होते. आमच्या परचेसने झिंक प्रायमर मागितला होता, त्याला सरळ नाही म्हणाले, गरम ओलीत झिंक लवकर संपतं. स्पूल (पाइपचे सुटे केलेले तुकडे) शेडवर नेऊन एसए अडीचपर्यंत, म्हणजे जवळपास पूर्ण स्वच्छ धातू दिसेपर्यंत, ब्लास्टिंग, मग इपॉक्सी फिनॉलिक या गरम ओल सोसणाऱ्या कोटिंगचे दोन कोट. साइटवरच्या जॉइंटच्या दिवशी सकाळी पाइप दवबिंदूच्या (ज्या तापमानाला दव धरतं) वर 3 डिग्री पण नव्हता, तर सुपरवायझरने अकरापर्यंत कोणाला ब्रश उचलू दिला नाही. शटडाउनचे तास जात होते, मी चिडलो, पण बरोबर तेच होते. डीएफटी (सुकलेल्या थराची जाडी) माझ्यासमोर घेतला, तोही एल्बोच्या पोटाखाली जिथे कोणी मीटर लावत नाही, एका ठिकाणी पहिल्या कोटला 100 च्या जागी 70 मायक्रॉन आले तर न सांगता परत मारला.

रेट जवळपास दुप्पट आहे आणि कोटेशनला आठवडा लावला, हे खटकलं. क्लॅडिंग ते करत नाहीत, ती माणसं वेगळी बघा आणि जॉइंटला सीलंट भरून घ्याच, नाहीतर पाणी परत आत.

यंदा पावसाळा संपल्यावर तोच एल्बो मुद्दाम उघडला. कोट जसाच्या तसा, फक्त सपोर्टजवळ क्लॅडिंगवाल्यांच्या स्क्रूचा एक ओरखडा आहे, त्याच्या टचअपला शनिवारी येतायत.